हिमस्खलन : निरभ्र आकाशाखालील धोका

काश्मीरमधील पीर पंजाल रांगेत गुलमर्ग येथून गोंडोला अर्थात रज्जुमार्गाने अफरवट पर्वतावर, सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत, अल्पावधीत पोहोचता येते. रज्जुमार्गालगतच्या ठराविक उतारांवर सुरक्षा पथकाची देखरेख असते. त्यापलीकडच्या मोकळ्या हिमप्रदेशात मात्र स्कीइंग करणाऱ्याची सुरक्षितता बहुतांशी त्याच्या स्वतःच्या निर्णयावर अवलंबून राहते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच पर्वतावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन नागरिक मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्ग परिसरात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याआधी, ८ फेब्रुवारी २०१० रोजी, जवळच्या खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे लष्कराचे १७ जवान बर्फाखाली गाडले जाऊन मृत्युमुखी पडले होते.

हिमवृष्टी थांबली, ऊन पडले, की धोका टळला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक पश्चिमी प्रक्षोभाबरोबर डोंगरावर बर्फाचा नवा थर साचतो, आणि हे थर एकमेकांना सारखेच घट्ट चिकटतात असे नाही. थंडीच्या आरंभी पडलेला बर्फ पातळ असेल आणि त्यानंतर दीर्घकाळ कोरडी, कडाक्याची थंडी राहिली, तर जमिनीलगतचा उबदारपणा व पृष्ठभागावरील गारठा यांतील फरकामुळे बर्फातील बाष्प वर सरकते. तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे मोठे, सुटे स्फटिक तयार होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. या ठिसूळ पायावर पुढे जोरदार हिमवृष्टी झाली, की वरचा जड थर एखाद्या लादीप्रमाणे अधांतरी राहतो. काश्मीरमध्ये २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि फेब्रुवारीत मोठी हिमवृष्टी झाली. हिमतज्ज्ञ धास्ती घेतात ती ऋतूच्या अशाच क्रमाची.

एका माणसाच्या भारानेही ही लादी तुटू शकते. उतारावर जाणाऱ्यांचा बळी घेणारी बहुतेक हिमस्खलने त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या वजनामुळेच सुरू होतात, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण म्हणता येईल. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे. दुर्दैवाने स्कीइंगसाठी आकर्षक वाटणारे उतारही तेच. वारा एका बाजूचा बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला साठवतो, त्यामुळे हिमवृष्टी न होताही वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूचा भार वाढतो. पाय ठेवताच ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे, पावलांपासून भेगा धावत जाणे, शेजारच्या उतारावर नुकतेच स्खलन झालेले दिसणे, यांपैकी एक खूण दिसली तरी परतणे इष्ट होय.

गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या हाती वेळ फारच थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते, कारण मृत्यू प्रामुख्याने गुदमरून होतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीन येथे एक जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला होता, पण तो विरळा अपवाद. त्याचेही पुढे रुग्णालयात निधन झाले. बाहेरील बचाव पथक पहिल्या काही मिनिटांत पोहोचणे जवळजवळ अशक्य असल्याने शोध घ्यावा लागतो तो सोबत्यांनाच. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेशप्रक्षेपक, शोधकाठी आणि फावडे असावे लागते. एकाजवळ असून भागत नाही.

मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था २०२० मध्ये संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली. चंदीगडस्थित ही आस्थापना हिवाळ्यात हिमालयीन प्रदेशांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. हे इशारे जिल्हा व उंचीनुसार दिले जातात. समोरचा एखादा उतार सुरक्षित आहे किंवा नाही, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी तेथेच बर्फात खड्डा खणून थर तपासावे लागतात.