सीटी स्कॅन नॉर्मल, मग डोकं अजून का दुखतंय?

समजा, वसमतहून हिंगोलीला येताना तुमची दुचाकी घसरली. डोक्याला मुका मार लागला. सीटी स्कॅन नॉर्मल आला, घरी सोडलं. पण दोन महिने झाले तरी डोकं दुखतं, ट्रॅक्टरचा आवाज सहन होत नाही, हळदीच्या पट्टीचा हिशेब जुळत नाही. घरचे म्हणतात, “रिपोर्ट चांगला आहे, मग झालंय काय?”

कन्कशन म्हणजे काय?

जोरात हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत हलतो आणि पेशींचं काम काही काळ बिघडतं. त्यासाठी बेशुद्ध पडायलाच हवं असं नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, हा बिघाड दिसत नाही. हेल्मेटमुळे जीव वाचतो, पण कन्कशन दरवेळी टळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला, तेव्हा त्याच्या जागी युजवेंद्र चहलला उतरवलं होतं.

त्रास किती दिवस राहतो?

बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींना मात्र डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा, झोप न लागणं, चिडचिड असे त्रास अनेक महिने राहतात. आधीपासून मायग्रेन किंवा नैराश्य असेल, तर ही शक्यता वाढते.

काय करावं?

- पहिले एक-दोन दिवस आराम करा. नंतर रोज थोडं चाला. आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहिल्यास बरं व्हायला उशीर लागतो.
- काम टप्प्याटप्प्याने वाढवा. त्रास वाढला तर थोडं कमी करा.
- झोपेची वेळ पाळा, दारू टाळा. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्यानेही डोकेदुखी मागे लागते.
- डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर चालवू नका. बरं होण्याआधी दुसरा मार बसणं धोक्याचं आहे.

कुठे जावं?

महिन्यानंतरही त्रास असेल, तर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथून गरजेनुसार नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. मन खचलं असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

वारंवार उलटी, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, बोबडं बोलणं, हातापायातली ताकद जाणं किंवा जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.

आणि घरच्यांसाठी एकच गोष्ट: रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे माणूस नाटक करतोय, असं नाही.