तालमीचे दार

काशीच्या घाटांमध्ये बालाजी घाटाविषयी मराठी माणसाला एक विशेष आपलेपणा वाटतो. पंचगंगा घाटाच्या शेजारचा हा घाट अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने उभा राहिला, आणि वरच्या बालाजी मंदिरामुळे त्याला हे नाव मिळाले. जवळच दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत वेदपाठी ब्राह्मण, पुराणिक आणि राज्य गेल्यावर गंगाकाठी येऊन राहिलेली सरदार घराणी यांची मराठी वस्ती वाढली. या घाटाचे नाव देशभर पोचविले ते मात्र एका सनईवादकाने. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६ ते २००६) यांनी आपल्या उमेदीच्या काळात याच बालाजी मंदिरात वर्षानुवर्षे रियाज केला. जे सूर पुढे साऱ्या जगाने ऐकले, ते प्रथम या पायऱ्यांवर घोटले गेले.

गवई तालीम घेतो, नाटकमंडळी तालीम करतात आणि पहिलवान तालमीत जातो. आपल्या भाषेत तिघांनाही शब्द एकच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणे एवढाच. पण मराठीने त्यात रोजच्या मेहनतीचा अर्थ भरला. एखादी गोष्ट कळणे निराळे आणि ती अंगवळणी पडणे निराळे, हे या एका शब्दाने आपल्याला सहज सांगितले आहे.

आज अनेक घरांत एक प्रश्न विचारला जातो. मुलगी कॉलेजात जाऊ लागली, नोकरीनिमित्त परगावी राहू लागली. तिला स्वसंरक्षणाच्या कोणत्या वर्गाला घालावे? कराटे, ज्युदो, लाठी, मल्लखांब, कुस्ती. शिवाय आठ दिवसांची शिबिरे आणि एका दिवसाची प्रात्यक्षिके. निवड कशी करावी? हा प्रश्न नवा वाटतो खरा. पण त्याची मुळे आपल्याच इतिहासात, काशी आणि ब्रह्मावर्त यांच्या वाटेवर सापडतात.

मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात येतो. परंतु आजच्या मल्लखांबाचे जनकत्व परंपरा बाळंभटदादा देवधर यांना देते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले व त्यांनी आव्हान दिले. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने ते स्वीकारले, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीच्या सान्निध्यात त्याने आराधना केली, वानरांच्या झाडावरील हालचालींवरून त्याला खांबावरच्या पकडी सुचल्या, आणि मग त्याने अलीला चीत केले, अशी ही कथा आहे. कथेतील दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यातील मुदत महत्त्वाची वाटते. शौर्याच्या कथा रचणारेसुद्धा आपल्या नायकाला तयारीसाठी काळ देण्यास विसरले नाहीत.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव वार्षिक आठ लाखांचे पेन्शन घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. त्याच्या मागोमाग मराठी कुटुंबे गेली, पाठशाळा गेल्या आणि आखाडेही गेले. बाळंभटदादा, त्यांचे शिष्य आणि त्यांची मल्लविद्या उत्तरेत रुजली. काशीच्या मराठी आखाड्यांची परंपराही याच ओघातली. राज्य गेलेल्या माणसांनी शरीराची विद्या मात्र जपून ठेवली. हातातून सत्ता सुटली तरी स्नायूंतले बळ आपलेच राहते, असे त्यांना वाटले असावे.

परंतु या साऱ्या आखाड्यांचे दार मुलींना बंद होते. आखाडा म्हणजे मारुतीचे स्थान, ब्रह्मचर्याचे स्थान. तेथील लाल मातीला स्त्रीचा पाय लागू नये, हा अलिखित नियम होता. ज्या दुर्गेच्या आणि सप्तशृंगीच्या नावाने शक्ती मागायची, तिच्याच लेकींना त्या शक्तीच्या शाळेत मज्जाव होता. या विसंगतीकडे फारसे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही.

अशा काळात काशीच्या मराठी वस्तीत मनकर्णिकेचा जन्म झाला. तिच्या जन्मवर्षाबद्दल १८२८ आणि १८३५ अशी दोन मते आहेत. वडील मोरोपंत तांबे हे बाजीरावाचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्या पदरी होते. चिमाजी अप्पांच्या निधनानंतर मोरोपंत ब्रह्मावर्तास आले. आई लहानपणीच वारली होती. घरात वडीलधारी बाईमाणूस नाही, आणि बरोबरीला खेळगडी म्हणून पेशव्यांच्या वाड्यातील मुलगे. त्यांच्यासंगे ती घोड्यावर बसली, तलवार शिकली, व्यायामात रमली. म्हणजे तिला तालीम मिळाली ती समाजाने दार उघडले म्हणून नव्हे. ते लावून घेण्यास घरात कोणी नव्हते, म्हणून मिळाली.

१८४२ मध्ये तिचा झाशीच्या गंगाधररावांशी विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. १८५७ च्या धामधुमीत झाशीस असलेल्या विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी आपल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात राणीच्या व्यायामाच्या आवडीचे, तिच्या मल्लखांबाचे आणि घोड्याच्या रपेटीचे वर्णन केले आहे. भटजीबुवा मोठे चौकस. रणांगणावरील राणीचे चित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. पण भल्या पहाटे उठून मेहनत करणारी, घाम गाळणारी राणी दाखविली ती या वरसईच्या भिक्षुकाने. १८५८ च्या वेढ्यात झाशीच्या बायका तोफखान्यावर काम करताना व दारूगोळा वाहताना दिसल्याचे शत्रूपक्षानेही नोंदवून ठेवले आहे. एका बाईच्या तालमीचा वारा शहरभरच्या बायकांना लागला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे काय झाले? राणीचे पोवाडे झाले, चरित्रे झाली, पुतळे उभे राहिले. पण तिच्या पहाटेच्या मेहनतीचे अनुकरण करावयास कोणी आपल्या मुलीला पाठविले नाही. अपवादाची पूजा करावी आणि नियम जसाच्या तसा ठेवावा, ही आपली जुनी खोड. मुलीच्या पुढ्यात राणीचे चित्र ठेवणे सोपे होते. तिच्या हाती करेला देणे अवघड होते.

ही खोड केवळ आपलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये मताचा अधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या सभा उधळल्या जात, त्यांना पोलिसांची धक्काबुक्की सोसावी लागे. तेव्हा एडिथ गॅरड ही बाई त्यांना जपानी जुजुत्सू शिकवू लागली. तिची उंची पाच फुटांहूनही कमी. पण ती विद्या अनेक वर्षे शिकलेली होती. १९१३ च्या सुमारास चळवळीतील निवडक स्त्रियांचे एक अंगरक्षक पथक तिने तयार केले. त्या वेळी वृत्तपत्रांनी या बायकांची टवाळी केली, व्यंगचित्रे काढली. देश कोणताही असो, स्त्रीने स्वतःचे रक्षण स्वतः करणे हा आधी थट्टेचा आणि पुष्कळ उशिरा आदराचा विषय होतो.

आपल्याकडे हे दार हळूहळू किलकिले झाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये आणि दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांच्या पटांगणांवर काळाच्या ओघात मुलींचे वर्गही भरू लागले. लेझीम आणि लाठी यांच्यापासून सुरुवात झाली. दोराचा मल्लखांब तर पुढे मुलींच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९४३ साली सिंगापूरला आझाद हिंद फौजेत स्त्रियांचे स्वतंत्र पथक निघाले आणि डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन त्याच्या प्रमुख झाल्या. त्या पथकाला नाव काय द्यावे हा प्रश्न पडलाच नाही. ते झाशीच्या राणीचेच पथक होते. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा तीत मुलीही उतरल्या होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर्ग निवडताना पाहावे काय?

पहिली गोष्ट काळाची. आठ दिवसांत मुलगी अजिंक्य होईल असे सांगणारा वर्ग बाळंभटाची मुदत विसरला आहे. हात सोडविण्याचा डाव समोर पाहताना सोपा वाटतो. भीतीने हातपाय गार पडले असता तो आठवत नाही. त्या वेळी मदतीला येते ती सवय. म्हणून घराजवळ, परवडणाऱ्या शुल्कात आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमाने भरणारा साधा वर्ग हा दूरच्या नामांकित शिबिरापेक्षा बरा. पद्धत कोणती, जपानी की देशी, हा प्रश्न त्यानंतरचा. तेथे पडावयास शिकवितात का? निरनिराळ्या वजनाच्या, खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदाराशी सराव करवितात का? पहिल्याच दिवशी एखादा तास बसून पाहू देतात का? एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

दुसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्याची. अंधाऱ्या गल्लीतून धावून येणारा अनोळखी गुंड डोळ्यांपुढे ठेवून बरेच वर्ग चालतात. परंतु बलात्काराच्या ज्या गुन्ह्यांची आपल्या देशात नोंद होते, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या परिचयाचा असतो. नातलग, शेजारी, सहकारी, लग्नाचे वचन देणारा. त्याच्यापुढे पहिला अडसर बळाचा नसतो, भिडेचा असतो. कॅनडातील तीन विद्यापीठांत याविषयी एक काळजीपूर्वक अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींपैकी काहींना बारा तासांचे शिक्षण दिले. धोका ओळखणे, मनातली भीड मोडणे आणि शब्दाने व शरीराने प्रतिकार करणे, असे त्याचे स्वरूप होते. इतरांना केवळ माहितीपत्रके दिली. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण शिकलेल्या गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. बारा तासांत स्नायू कमावले जात नाहीत, हे खरे. पण ‘नाही’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची तालीम तेवढ्यात सुरू होऊ शकते. तेव्हा वर्गाला विचारावे: आपण मुलीला आवाज शिकविता की केवळ ठोसा? उत्तम वर्ग दोन्ही शिकवितो, आणि कोणत्या शिक्षणाला किती काळ लागेल तेही प्रांजळपणे सांगतो.

तिसरी गोष्ट गुरूची. शिकविताना स्पर्श अटळ असतो. तो कोठे व कशासाठी होणार हे आधी सांगणारा, नको म्हटल्यास थांबणारा शिक्षक पाहावा. स्त्रीशिक्षिका असल्यास फारच चांगले. ज्या वर्गात मुलीला ‘नको’ म्हणता येत नाही, त्या वर्गातून ती बाहेरच्या जगाला ‘नको’ म्हणावयास कशी शिकणार?

चौथी गोष्ट कायद्याची. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दिला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३४ ते ४४ मध्ये कायम आहे. बलात्काराच्या हेतूने होणारा हल्ला परतविताना हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी, कायद्याच्या मर्यादेत, तो गुन्हा ठरत नाही. मात्र रक्षणापुरतेच बळ वापरावे, अधिक नव्हे, ही अट आहे. हा हक्क आपल्या विद्यार्थिनींना समजावून देणारे वर्ग थोडे असतील. पण तलवारीबरोबर म्यानही द्यावी, तसे हे ज्ञान द्यावयास हवे.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. स्वसंरक्षणाचे शिक्षण घेतले नाही म्हणून अत्याचार झाला, असे म्हणण्याची वाट या वर्गांमुळे मोकळी होऊ नये. घराला कुलूप नव्हते म्हणून चोर निर्दोष ठरत नाही. किती शिकलेली असली तरी एखादी मुलगी भीतीने थिजून जाईल. तो तिचा पराभव नव्हे आणि अपराध तर नव्हेच. जो वर्ग मुलीच्या कपड्यांवर आणि तिच्या येण्याजाण्याच्या वेळांवर प्रवचने देतो, तो तिला बळ देण्याऐवजी तिच्या पायांत नवी बेडी घालतो. तालमीचा हेतू मुलीचे जग मोठे करणे हा आहे. तिने घरातच बसावे असे वाटणाऱ्यास तालमीची गरजच काय?

श्रोतेहो, काशीतच तुळशी घाटावर गोस्वामी तुलसीदासांचे नाव सांगणारा एक जुना आखाडा आहे. शतकानुशतके तेथे केवळ पुरुष मेहनत करीत आले. गेल्या दशकात तेथल्या मातीत मुलींना उतरू देण्यात आले, आणि त्याच गंगेच्या काठी मुलींच्या कुस्त्या लोकांनी पाहिल्या. मनकर्णिकेच्या जन्मगावी हे घडावयास पावणेदोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. दार उघडले, ही मोठी गोष्ट झाली. आता त्या दाराशी आपल्या मुलीला घेऊन जाणे, आत काय शिकवितात ते नीट पाहणे, आणि ते पसंत पडले तर पहिल्या आठवड्याचे अंग दुखणे ओसरेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहणे, एवढे काम आईबापांनी करावयाचे आहे. त्यानंतरची मेहनत तिची ती करील.