वैद्याचे पाठांतर

वैद्यक ही फार जुन्या काळापासून पाठांतराची विद्या आहे. रोगी समोर कण्हत असताना वैद्याला पोथीची पाने चाळीत बसता येत नाही. म्हणूनच आपल्याकडचे पुष्कळ वैद्यकग्रंथ पद्यात आहेत. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ तर जवळजवळ सगळेच श्लोकबद्ध आहे. तेथे वृत्त केवळ शोभेसाठी नाही. औषधाचे एखादे नाव गळले की चरण लंगडतो आणि चूक तत्काळ कानाला खटकते.

ह्या कलेतला एक मोठा कारागीर आमच्या वऱ्हाडाच्या शेजचा. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा ही जुन्या ग्रंथांतली वरदा. तिच्या काठी 13व्या शतकात बोपदेव होऊन गेला. त्याचे वडील केशव हे वैद्य. त्यांनी ‘सिद्धमंत्र’ ह्या ग्रंथात वात, पित्त व कफ यांवर होणाऱ्या परिणामांप्रमाणे पदार्थांचे गट पाडले. एकेक पदार्थ सुटा पाठ करण्यापेक्षा गट ध्यानात ठेवणे सोपे, हे उघड आहे. बोपदेव पुढे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला गेला. हा हेमाद्रीही वैद्यकाचा जाणकार. ‘अष्टांगहृदया’वर त्याची ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका आहे. बोपदेवाने ‘मुग्धबोध’ लिहून व्याकरण आखूड खुणांत बसविले, आणि ‘शतश्लोकी’ लिहून चूर्णे, गुटिका, तुपे, तेले, काढे शंभर श्लोकांत आणले. पण मला त्याची थोरवी वाटते ती वेगळ्याच गोष्टीत. ह्या शंभर श्लोकांवर त्याने स्वतःच ‘चंद्रकला’ ही टीका लिहिली. गाठ त्याने मारली, आणि ती सोडविण्याची रीतही विद्यार्थ्याच्या हाती दिली.

ह्या रीतीची गरज का पडते, ते हृदयाच्या उदाहरणावरून कळेल. सुश्रुतसंहितेत हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाची उपमा आहे. जागेपणी ते उमलते, निजेत मिटते. उपमा अशी सुबक की एकदा ऐकली की विसरत नाही. पण जे विसरत नाही ते खरेच असते असे नाही. हृदय निजेतही मिटून राहत नाही, ते अखंड आकुंचन पावत असते. पाठांतर सत्याला जितके घट्ट धरते, तितकेच चुकीलाही धरते. गंमत अशी की त्याच सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, मग त्याचा एकेक थर सोलून पाहावा असे सांगितले आहे. आणि अर्थ न जाणता पाठ करणाऱ्याला चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे.

पश्चिमेकडेही उपमांवाचून भागले नाही. 16व्या शतकात व्हेसॅलियसने हृदयाच्या डाव्या बाजूची झडप बिशपच्या दुटोकी टोपीसारखी दिसते असे म्हटले. त्या टोपीचे नाव ‘मायटर’, म्हणून ती ‘मायट्रल’ झडप. 1628 साली हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले, 1816 साली पॅरिसला लेनेकने कागदाची सुरळी करून रोगिणीच्या छातीला लावली, आणि हृदय ऐकण्याचे शास्त्र सुरू झाले. आपल्याकडे 1845 साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. नवी विद्या आली म्हणून जुनी अडगळीत गेली नाही: 1880 साली मुंबईत ‘अष्टांगहृदय’ छापून निघाले, त्याचे संपादक डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे होते.

मी राहतो वलगावला, पेढी नदीच्या काठी. एका सुटीत डॉक्टरकी शिकणारी माझी भाची ओसरीवर बसून घोकत होती, ‘ऑल फिजिशियन्स टेक मनी’. सगळे डॉक्टर पैसे घेतात! मी म्हटले, “हे पाठ कशाला करावे लागते गं? आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे.” ती हसून म्हणाली, “मामा, ही चार झडपांची आद्याक्षरे आहेत: एऑर्टिक, पल्मोनरी, ट्रायकस्पिड, मायट्रल. नळी ह्याच क्रमाने छातीवर फिरवायची.” पावकी-निमकीवर वाढलेल्या मला ही युक्ती परकी वाटली नाही.

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मला बोपदेवाच्या टीकेच्या मोलाची वाटते. नळी जेथे ठेवतात, तेथे नेमकी त्याखाली ती झडप नसते. झडपा उरोस्थीच्या मागे एकमेकींना खेटून आहेत. त्यांचा आवाज रक्ताच्या वाटेने पुढे जातो आणि जेथे स्पष्ट उमटतो तेथे कान द्यावयाचा. म्हणूनच एऑर्टिक झडप अरुंद झाली तर तिची घरघर मानेपर्यंत चढते, आणि मायट्रल झडप गळू लागली तर आवाज काखेकडे जातो. हे ज्याला कळले त्याला वाक्य विसरले तरी चालेल.

ह्यात रोग्याचा जीव गुंतलेला आहे. लहानपणी घसा येऊन मागाहून सांधेज्वर झालेल्या मुलीची मायट्रल झडप वर्षानुवर्षे आवळत जाते. बरेचदा ते ध्यानात येते ती गरोदर राहून धापा टाकू लागते तेव्हा. त्या झडपेची घरघर फार हलकी आणि खर्जातली; रोगिणीला डाव्या कुशीवर वळविले, म्हणजे हृदयाचे टोक छातीच्या भिंतीजवळ येते आणि ती ऐकू येते. नळी कोठे ठेवावी हे चार आद्याक्षरे सांगतात. तिला कुशीवर वळवावे हे त्यांत नाही. ते ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच कानाला तिचा रोग सापडतो.