आयन हा शब्द नव्हता तेव्हा

पांढरा साका आला, अमोनियात विरघळला, म्हणून क्लोराइड निश्चित. नववी-दहावीच्या पुढे गेलेल्या मुलांच्या प्रयोगवहीत हे वाक्य हटकून असते. मी पडलो बी.ए.वाला, जन्मभर इतिहास शिकवलेला. त्यामुळे माझा प्रश्न वेगळाच : हे पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी करून पाहिले?

शोधत गेलो तर स्वीडनमधल्या उप्सालाला पोचलो. तिथे टॉर्बर्न बर्गमन हे रसायनाचे प्राध्यापक होते. प्रकृती तोळामासा. औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन बरे वाटते, पण त्या पाण्यात असते तरी काय? १७७८ साली त्यांनी पाण्याच्या पृथक्करणावर प्रबंधच लिहिला. मिठाचा अंश शोधायला चांदीचे द्रावण, गंधकाम्लाचा शोधायला बेरियमचे. आजची मुले हेच करतात! बर्गमन १७८४ मध्ये वारले, तेही मेडेवी या झऱ्याच्याच गावी.

अमोनियाची गोष्ट त्यांचे मित्र शील यांची. चांदीचा तो पांढरा साका उजेडात काळा पडतो. पांढरा भाग अमोनियात विरघळतो, काळा मात्र उरतो, कारण ती चांदीच असते, हे त्यांनी १७७७ च्या पुस्तकात मांडले. छायाचित्रणाचे बीज यातच आहे.

गंमत पुढेच आहे. ऋण आयनासाठीचा 'ॲनायन' हा शब्द फॅरेडेंनी वापरात आणला १८३४ मध्ये. आणि मीठ पाण्यात विरघळले की त्याचे आयन सुटे होतात, या विचाराकडे नेणारा प्रबंध अऱ्हेनियसने दिला १८८४ मध्ये, त्याच उप्सालात! परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये मात्र त्याला नोबेल मिळाले.

म्हणजे कसोटी आधी, कारण शंभर वर्षांनी. तोवर विश्वास कशावर? पुन्हा पुन्हा तेच दिसण्यावर, आणि फसवणारे आधी बाजूला काढण्यावर. कार्बोनेटही चांदीबरोबर साका देते, म्हणून आधी नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे. मुले ती पायरी पाठ करतात, पण कारण विचारत नाहीत. मला तर त्या दोन थेंबांतच सगळे शास्त्र दिसते. इतिहासातही एका कागदावर निकाल देऊ नये, दुसरा साक्षीदार शोधावा, असेच मी वर्गात सांगत असे.

असो. घरात प्रयोगवही लिहिणारे कोणी असेल, तर 'निश्चित' या शब्दापाशी त्याला क्षणभर थांबवा.