पंडिता रमाबाई आणि बायबलचे सुबोध मराठी

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला; मात्र ग्रंथावरील श्रद्धा म्हणजे चर्चच्या अधिकारापुढे शरणागती, हे त्यांनी मान्य केले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात बायबल स्वतः वाचून निर्णय करण्याचा हक्क त्यांनी आग्रहाने मांडला. अल्पशिक्षित स्त्रियांनाही दैनंदिन आचरणासाठी या ग्रंथाचा आधार घ्यावयाचा, तर त्याची भाषा त्यांना कळावयास हवी. प्रचलित भाषांतर रमाबाईंना संस्कृतप्रचुर वाटे. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते छापले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संस्कृत विद्येमुळे १८७८ साली कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ ही पदवी लाभली, तिचाच भार त्यांनी सामान्य वाचकासाठी उतरविला, हे लक्षणीय होय.