सहा प्रश्न आणि एक मुलगी

वाचकहो, ठाकुर्लीच्या फलाटावरून कर्जत-कसाऱ्याकडची गाडी धरली की पुढचेच स्टेशन कल्याण. याच कल्याणच्या एका जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न टपालखात्यातल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली.

गोपाळरावांना बायकोला शिकवण्याचा ध्यास होता. पण त्यांची शिस्त कडक, प्रसंगी मारही बसे. तेव्हा शिक्षणाची हौस मुळात नवऱ्याची, हे मान्य केले पाहिजे. ती आनंदीबाईंची स्वतःची केव्हा झाली? चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. बायकांच्या दुखण्याला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे जायला बाई धजत नाही, ही अडचण त्यांनी जवळून पाहिली. आपणच डॉक्टर व्हायचे, हे मनाने घेतले.

मग लोकांच्या जिभा सुटल्या. त्यावर आनंदीबाईंनी काय केले, हे ऐकण्यासारखे आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि लोक जे प्रश्न मागून कुजबुजत, ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच इंग्रजीत सर्वांपुढे मांडले. अमेरिकेला का जाता? इथे शिकण्याची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर वाळीत टाकतील, त्याचे काय? तिकडे संकट आले तर? आणि कुठल्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करता?

एकेकाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि इथली सोय अपुरी आहे. नवऱ्याच्या पगारावर घरची माणसे अवलंबून आहेत, म्हणून एकटी जाते. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. संकट तर घरबसल्याही येते. तेव्हा त्यांचे वय अठराही पुरे नव्हते!

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरचे काम हाती घेणे काही घडले नाही.

मग शंका घेणारेच खरे ठरले का? तसे म्हणता येत नाही. संकट येऊ शकते, हे आनंदीबाईंनी कधीच नाकारले नव्हते. सगळे नीट होईल अशी खात्री म्हणजे आत्मविश्वास नव्हे. आपण का निघालो हे आपल्याला ठाऊक असणे आणि ते चारचौघांत सांगता येणे, हा आत्मविश्वास. म्हणून लोकांच्या शंकेने त्या अडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. शंकेचा त्यांनी प्रश्न केला आणि त्याचे उत्तर शोधले.

शिक्षकबंधूंनो, उद्या वर्गातली एखादी पोर उठून म्हणेल, ‘गुरुजी, मला अमुक व्हायचंय.’ तेव्हा ‘तुला काय जमणार?’ असे म्हणू नका. ‘का व्हायचंय, बाळ?’ एवढेच विचारा, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या.