जतन की अपहार?

१/ न्यू मेक्सिकोतील झुनी जमात ‘आहायुदा’ या जुळ्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती कोरते आणि उघड्यावरील देवस्थानांत ठेवते. ऊन-पावसात त्या झिजाव्यात, अखेर मातीत मिसळाव्यात, हीच रीत.

२/ संग्राहकांनी त्या उचलून नेल्या. संग्रहालयांनी ‘कलाकृती’ ठरवून काचेआड जपल्या. झुनींच्या दृष्टीने मात्र हे जतन म्हणजे देवतेच्या कार्यात आणलेला अडथळाच होता.

३/ १९७८ पासून त्यांनी मूर्ती परत मागितल्या. युक्तिवाद साधा होता: मूर्ती साऱ्या जमातीची, ती विकण्याचा अधिकार कोणा एकाला नाही, म्हणून बाहेर गेलेली प्रत्येक मूर्ती चोरीचीच.

४/ १९८७ मध्ये स्मिथसोनियनने दोन मूर्ती परत केल्या. १९९० मध्ये अमेरिकेत अशा परतीचा कायदा झाला.

५/ परतलेल्या मूर्ती पुन्हा उघड्यावर झिजू लागल्या. वस्तू टिकली, पण तिचा अर्थ हरवला, तर संग्रहालयाने नेमके काय जपले?